त्यांची थाप आणि माझी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? नीट ठाऊक नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. किंवा ओळखत असाल तर आमच्याकडच्या हळदीच्या गाण्यांवरून — आणि त्या गाण्यांत जी ढोलकी वाजते, तिच्याबद्दलच हे आहे.

मी सरावलीत राहते. सात-आठ वर्षांपूर्वी बोईसरच्या एका कापड कंपनीच्या लॅबमध्ये रंगाचे नमुने तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी विलासदादांच्या बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचे. विलासदादा स्वतः बेंजोवर, कार्यक्रमांच्या सुपाऱ्याही तेच घ्यायचे. पार्टीत बाई नको, असं त्यांचं मत होतं. पण ढोलकीवर हरेश्वरकाका होते — घिवलीचे, पन्नाशी उलटलेले, तरुणपणी भावांबरोबर होडीवर जायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा स्टँड उचलून स्वतःच्या शेजारी ठेवला आणि विलासदादांना म्हणाले, "ती इथंच बसणार. माझ्या बाजूला." विषय संपला. पुढे कुणी मला ऊठ म्हणालं नाही.

मला लय कळते ती त्यांच्यामुळे. मी घाईची होते, सुरावर झडप घालायचे. ते म्हणायचे, ठोका कुणीपण ऐकतो, दोन ठोक्यांच्या मधी काय हाय ते ऐक. एवढंच शिकवलं. एवढ्यावर मी आज जेवते.

तेव्हा तालासाठी मी लॅपटॉप न्यायचे. एका हळदीत नवरीची आत्या ऐन रंगात नाचत असताना त्याची स्क्रीन निळी झाली आणि आपोआप अपडेट सुरू झालं. पाऊण तास. तो पाऊण तास काकांनी एकट्याच्या ढोलकीवर मांडव नाचता ठेवला — आणि मी बंद पडद्यासमोर बसून होते. त्या दिवशी ठरवलं, कॉम्प्युटर नको. ग्रूव्हबॉक्स घ्यायचा. म्हणजे एक डबाच: वर बोटांनी वाजवायचे रबरी पॅड, आत आवाज साठवायची आणि ताल रचायची सोय, बाहेरून काही जोडायची गरज नाही. महिनाभर व्हिडिओ पाहिले. एक लहान होता, बॅटरीवर चालणारा, पण त्यात आपले आवाज भरता येत नव्हते. एक मोठा, सगळं काही करणारा — पण मेनूच्या आत मेनू. मांडवात घामेजल्या बोटांनी शोधत कोण बसणार? तिसरा मधला. सोळा पॅड, माईक लावायला जागा, गाणं न थांबवता पुढच्या तालावर जाता यायचं. पण मोठा सोडवत नव्हता. मोठं ते चांगलं, असं वाटतंच ना आपल्याला?

मुंबईच्या दुकानात काका माझ्याबरोबर आले. दुकानदार मला पडद्यावरचे आकडे दाखवत होता. काका डोळे मिटून पॅडवर आधी हळू, मग जोरात बोट मारून बघत होते. मोठ्या डब्यावर त्यांना हळू आणि जोरात यांत फरकच सापडेना. मधल्यावर सापडला.

"हा घे," ते म्हणाले. "याला हात कळतो."

म्हणजे मशीनसुद्धा त्यांनीच निवडून दिलं. हे लक्षात ठेवा. मला विसरता आलेलं नाही.

पुढचे काही महिने मी त्या मशीनने वेडी झाले होते. कंपनीतून आले की बसायचे. खलबत्त्याचा ठोका, पत्र्यावर पडलेली पळी, आईच्या बांगड्या — सगळं आत भरलं, त्यातून ताल उभे केले. चांगले होते ते, आजही म्हणते. पण कार्यक्रम संपला की लोक काकांकडे यायचे. काका, आज काय मजा आणलीत. काका, हात आहे की काय आहे. माझ्या डब्याकडे कुणी बघायचंसुद्धा नाही. ढोलकी वाजायला लागली की माझं काही ऐकूच येत नव्हतं. मला — कसं सांगू? त्यांचा राग नव्हता. त्यांच्या शेजारी बसायचा कंटाळा आला होता. ज्या जागेवर त्यांनीच मला बसवलं, त्या जागेचा.

मग शिरगावच्या एका मोठ्या लग्नाचं काम आलं. स्टेज लहान होतं. विलासदादा म्हणाले, माणसं कमी करावी लागतील. मशीनच्या लयीत काका बसत असतील तर ठीक, नाहीतर ढोलकीही मशीनमधलीच वाजू दे. रविवारी दुपारी विलासदादांच्या शेडमध्ये दोघांनी एकत्र वाजवून बघायचं ठरलं. काका हसत आले. त्यांना त्यात अवघड काही वाटतच नव्हतं.

आता सांगते. मशीनमध्ये प्रत्येक गाण्याला एक आकडा असतो — मिनिटाला ठोके किती. आमचं गाणं एकशे चारवर होतं. तो आकडा फक्त माझ्या बाजूने दिसायचा. बदलायला एक छोटा नॉब, अंगठ्याखाली. पहिलं कडवं काका असे बसले की मशीन आणि ढोलकी वेगळी काढता येईना. विलासदादांनी बेंजो खाली ठेवला, नुसतं ऐकत राहिले, मान डोलवायला लागले. आणि मी नॉब फिरवला. एकशे पाच. मग सहा. मग सात. काका अडखळले, सावरले, मागून धावत आले, गाठलंच — की मी परत खाली. एकशे तीन. ते पोचायचे आणि मी जागा बदलायचे. त्यांच्या कपाळावर घाम आला. दोन वेळा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही. शेजारी बसलेल्याकडे आपण आधारासाठी बघतो ना, तसं.

ते थांबले. ढोलकीवर तळवा ठेवला.

"माझंच कायतरी चुकतंय," ते म्हणाले.

तेव्हाही वेळ होती. नव्हती का? मी म्हणाले, "मशीन नाही ना चुकत, काका."

अगदी मऊ आवाजात म्हणाले. त्या मऊपणाची मला नॉबपेक्षा जास्त लाज वाटते.

विलासदादांना काही बोलावं लागलंच नाही. वय झालं आता, असं म्हणत काकांनीच ढोलकी गुंडाळली. शिरगावचं लग्न मी एकटीने वाजवलं. छान झालं. लोक माझ्याकडे आले.

मला वाटलं, आता ते तोंड दाखवणार नाहीत. पण पंधरा दिवसांनी एका दुपारी ते सरावलीला घरी आले, ढोलकी घेऊन. म्हणाले, "लय गेली माझी. थाप नाय गेली. ती तुझ्या डब्यात ठेव."

मी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. ते एकेक थाप देत गेले — हळू, मध्यम, जोरात. नुसतं बोट, पूर्ण पंजा, मग धुमेवर, म्हणजे ढोलकीच्या जाड आवाजाच्या तोंडावर, तळवा घासून काढलेला तो लांब घुमारा. शेजारी कुकरची शिट्टी झाली की थांबायचे, पुन्हा द्यायचे. अंगातला सदरा भिजला. एकदासुद्धा कंटाळले नाहीत. तीन तास मी त्यांच्यासमोर खाली मान घालून बसले होते, पडद्यावरच्या रेघा बघत. नुसतं तोंड उघडायचं होतं. नाही उघडलं. चहा मात्र केला.

त्या थापांनी मला काय दिलं नाही? मशीनमधली ढोलकी इतकी जिवंत कशी, असं लोक विचारू लागले. पालघरपासून डहाणूपर्यंत मंडळी गाणी करून घ्यायला यायला लागली. मी नोकरी सोडली, घरातली एक खोली आवाजबंद करून घेतली. आजही दिवसाची सुरुवात त्या पॅडवर बोट ठेवून होते. बोट माझं असतं, हात त्यांचा. इतकं कुणी कुणाला देतं का? सख्खं माणूसही देत नाही. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जे आहे त्याला कृतज्ञता म्हणतात, आणि ती खरी आहे. मी जे केलं तेही खरं आहे. दोन्ही एकाच घरात राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत.

बाकीचं मला काकूंकडून कळलं, खूप उशिरा, एका लग्नात भेटल्या तेव्हा. काकांनी कान तपासून घेतले होते. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. त्याने काका जास्तच खचले. कानात दोष नाही, म्हणजे डोक्यात असणार. वर्षभर त्यांनी घरात ढोलकीला हात लावला नाही. गणपतीतल्या आरतीलासुद्धा नाही. काकू हे तक्रार म्हणून सांगत नव्हत्या. "आता वाजवतात परत, देवळात," म्हणाल्या. "ये कदी तरी. तुजं नाव लय काडतात."

गेल्या माघात मी घिवलीला गेले. संध्याकाळचं भजन होतं. काका मागे, खांबाला टेकून बसले होते. मला बघून उजळले. वाजवायला लागले आणि माझ्या नकळत मी मोजायला लागले — सवयच ती. अर्धा तास मोजलं. एका केसाचाही फरक नव्हता.

भजन संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "सुटली काय गं लय कुठं?"

मी म्हणाले, "नाही काका. कुठेच नाही."

"तू होतीस म्हणून जपून वाजवलं," ते म्हणाले. खूश होते.

आम्ही घरी गेलो, चहा प्यायलो. मी त्यांच्या समोर बसले होते, काकू आत होत्या. याहून चांगली वेळ कुठली? त्यांनी मशीनची चौकशी केली, पॅड अजून नीट चालतात का विचारलं. मी म्हणाले, चालतात. निघताना काकूंनी सुक्या बोंबलांची पिशवी भरून दिली आणि काका ती धरून माझ्या गाडीपर्यंत आले.

तीही मी घेतली.