ओ

गाव सोडलं तेव्हा आई ओढ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. आमच्याकडे निघालेल्या माणसाला कुकारा घालतात. ‘कूऽऽ’ अशी लांब हाक आली की त्याने ओ द्यायची. ओ येईनाशी झाली, की मागे राहिलेला घरी वळतो. मी एसटीच्या फाट्यापर्यंत ओ देत गेलो.

भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात प्रेसवर लागलो. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर ठोके. जेवतानाही खुणांनी बोलायचं. सुरुवातीला मी कानात कापूस घातला, तर शेजारच्या मशीनवरचा रामधनी हसला, “रुई निकाल, दुल्हन! आवाज नहीं सुनेगा तो डाई हिली कैसे समझेगा?” खरंच होतं. ठोका बदलला की साचा सरकला, हे आम्ही कानानेच ओळखायचो. कापूस काढला. सगळ्यांनीच काढलेला होता.

घरी टीव्ही मोठा होत गेला. बायको म्हणायची, “अहो, अख्खी बिल्डिंग आपल्या बातम्या ऐकतेय.”

नव्वदनंतरच्या एका मे महिन्यात गावी गेलो. फाट्यावरून चालताना मुलगी बाही ओढू लागली. “बाबा, आजी कधीची हाक मारतेय. ओ दे ना!”

मला नुसती झाडं हलताना दिसत होती.

आई ओढ्याशीच उभी होती. “रागावलास काय रे बाबू माझ्यावर?” मी कानाकडे बोट दाखवलं. तिने माझे दोन्ही कान तळव्यांत धरले, थंडीत धरायची तसे.

डॉक्टर म्हणाले, गेलेलं येणार नाही, उरलेलं सांभाळा. परतल्यावर कामाला लागलो. प्रेसखाली जाड रबर घातलं, सैल पत्रे आवळले, पाळ्या बदलत्या ठेवल्या. प्रेसच्या चौकटीला हात लावला की ठोक्यातला फरक हादऱ्यावरून कळतो, हे नव्या कामगारांना शिकवलं. आता ते कानात बोळे घालून काम करतात.

आई जाऊन काही वर्षं झाली. भाईंदरला सिल्व्हर पार्कमधल्या घरात दुपारी सगळं शांत झालं, की माझ्या कानात एक बारीक, लांब सूर सुरू होतो. डॉक्टर त्याला आजार म्हणतात. गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, मला त्यात ओढ्याचा काठ दिसतो. नकळत ओ जाते.

मुलगी आतून येते. “बाबा, कोणी हाक नाही मारली.”

“माहितीय,” मी म्हणतो, आणि पुन्हा ओ देतो. नाहीतर आई घरी वळेल.