बर्निसची तार

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका कागद कारखान्यात व्हर्लिन स्टब यांनी एकतीस वर्षं तारा जोडल्या. सगळ्या मशीनच्या तारा ज्या कपाटात येऊन मिळत, त्याचे नकाशे पुरात वाहून गेले होते. म्हणून व्हर्लिननी तारांना चिठ्ठ्या लावून घरच्या माणसांची नावं दिली. सारखी ढिली पडणारी तार म्हणजे मेहुणा डुएन. जिला नुसता धक्का लागला तरी कारखाना ठप्प होतो, ती बर्निस, म्हणजे सासूबाई.

ते निवृत्त व्हायच्या आठवड्यात नवा संगणक आला, कपाट मात्र तेच राहिलं. इंजिनीयर कीर्स्टननं चिठ्ठ्या जशाच्या तशा संगणकात उतरवल्या.

"बर्निस ही कशाची आद्याक्षरं हो?" तिनं विचारलं.

"असेल काहीतरी जुनं," म्हणत व्हर्लिननी तोंडात डोनट कोंबला.

निरोपाचा केक कंट्रोल रूममध्येच कापला. बायकोबरोबर एक्क्याण्णव वर्षांच्या सासूबाई खास आल्या होत्या. व्हर्लिनना भरून आलं आणि त्यांनी तिथल्याच त्या तारांच्या कपाटाला शेवटची थाप मारली.

सगळी मशीनं थांबली. भिंतीवरच्या पडद्यावर हातभर लाल अक्षरं उमटली: "तारेत बिघाड: बर्निस बिघडली. सगळं बंद."

बायकोनं डोळे वटारले. व्हर्लिनना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सासूबाईंनी चष्मा पुसून पडदा दोनदा वाचला.

"माझ्यावाचून इथं पान हलत नाही, हे मेल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "पण सांगितलं कुणाला, तर तारेला!"