दौऱ्याचं प्रयोजन : पाणी पाजणे

आमच्या घरात कुणी नुसतं फिरायला जात नसे. आमच्याकडे दौरे निघत. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन बाबांना बारा वर्षं झाली होती, तरी चष्मा बदलायला जायचं झालं तरी आदल्या दिवशी कागद तयार होई: प्रयोजन, निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ. परतल्यावर त्याच दिवशी अहवाल. त्यातला शेवटचा रकाना 'पुढील कार्यवाही'. तो रिकामा ठेवणाऱ्या माणसाला बाबा माणूसच समजत नसत. माझ्यासाठी स्थळ बघून आले तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, 'मुलगा बरा. कान मोठे. पुन्हा भेट आवश्यक.' ते कान आजही माझ्या घरात आहेत.

तर त्या शनिवारी बाबांनी माझ्यापुढे कागद सरकवला. 'प्रयोजन : चिरंजीवांना पाणी पाजणे.' मी हसले. हसायला नको होतं.

चिरंजीव म्हणजे बाबांचा कुत्रा. चौदा वर्षांचा. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये जिन्याखाली सापडलेला. आई गेल्यापासून द्वारकेच्या फ्लॅटमध्ये ते दोघंच राहत. त्याची किडनी गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, सलाइनने आता भागत नाही. आपण होऊन पाणी प्यायला लागला तर थोडे दिवस मिळतील, नाहीतर दोन-तीनच. आणि तो पाण्याला तोंडच लावत नव्हता. बाबांनी माठातलं दिलं, फ्रिजमधलं दिलं, वाडग्यात दिलं, ताटलीत दिलं. तो मान वळवी.

"याला साठलेलं पाणी कधी आवडलंच नाही," बाबा म्हणाले. "क्वार्टरमध्ये कूलरच्या पाइपाखाली तोंड धरून प्यायचा. याला वाहतं पाहिजे. नाहीतर मोठं."

"मोठं म्हणजे?"

"तलाव. धबधबा."

"बाबा, आपण दिल्लीत राहतो."

त्यावर त्यांनी फाइल उघडली आणि ऑफिसच्या जुन्या सहलीचं पिवळं पडलेलं परिपत्रक काढलं. फरीदाबादच्या बाजूला तलाव, नौकाविहाराची सोय, जेवण काठावर. खाली सही, शिक्का. धबधब्याची भर मी घातली. गुरुग्रामला माझ्या सोसायटीच्या गेटपाशी एक आहे, खोट्या दगडांचा, मोटरवर चालणारा. मी चेष्टेने म्हटलं. बाबांनी मंजूर केलं.

तलाव अजून आहे का, हे कुणाला विचारावं असं आम्हा दोघांना सुचलंदेखील नाही. परिपत्रकात होता ना!

रविवारी सातला निघालो. गाडी मी चालवत होते. मागच्या सीटवर चिरंजीव आईच्या जुन्या शालीत, बाबांच्या मांडीवर. बाबा त्याला वाटेतले पूल, बागा, सरकारी इमारती दाखवत होते. एरवी बाबांचा आवाज ऐकला की त्याची शेपटी सुरू होई. मी आरशातून बघत होते. शाल हलत नव्हती.

तलावाच्या पायऱ्या उतरलो तर खाली गवत. लांबवर नुसतं गवत, त्यात शेळ्या. काठावर मात्र पाटी शाबूत: 'गहरे पानी से सावधान'. बाबांनी शेळ्यांबरोबरच्या म्हाताऱ्याला हाक मारली.

"भाईसाहब, पानी कहाँ है?"

"वो तो बरसों पहले चला गया, बाऊजी."

"कहाँ गया?"

"बताकर थोड़े ही गया!"

मी खो खो हसले, म्हाताराही हसला. बाबांनी ती पाटी पुन्हा एकदा नीट वाचली. मग कुत्र्याला उचलून एका पायरीवर बसले. "इथे तुझ्या आईने पाण्यात पाय सोडले होते," ते मला म्हणाले. माझं हसू तिथेच राहिलं.

गुरुग्रामला पोचलो तर धबधबा बंद. मी तो नेहमी संध्याकाळीच पाहिलेला.

"शाम को छह बजे चलता है, मैडम," नवा गार्ड म्हणाला. "और डॉग इधर अलाउड नहीं है."

मी ओढणी सावरली, आवाज चढवला आणि नाटक सुरू केलं. "बाबूजी मिनिस्ट्री से आए हैं. इन्स्पेक्शन है."

गार्डने मिनिस्ट्रीकडे पाहिलं. मिनिस्ट्रीच्या पायांत चपला होत्या आणि हातांत शालीचं गाठोडं. त्याने शाल जराशी बाजूला केली.

"कब से नहीं पिया?"

"आज तीसरा दिन," बाबा म्हणाले.

"दो मिनट चलाता हूँ. सेक्रेटरी साहब ऊपर से देखते हैं."

मोटर घुरघुरली. आधी तांबूस पाणी आलं, मग पांढरंशुभ्र. चिरंजीवांनी डोळे उघडले. कान उभे राहिले, दोन दिवसांत पहिल्यांदा. बाबा गुडघ्यांवर बसले, ओंजळ धबधब्याखाली धरली आणि त्याच्या तोंडाशी नेली. "पी, बाळा."

त्याने नाक ओंजळीत घातलं. गार्ड पुढे वाकला. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. जीभ बाहेर आली, बाबांचं मनगट तिने एकदा चाटलं, आणि त्याने तोंड फिरवून बाबांच्या बाहीत खुपसलं. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून गेलं. मग मोटर थांबली आणि खोटे दगड ठिबकत राहिले.

"सॉरी, बाबूजी," गार्ड म्हणाला. त्याची काय चूक होती?

दुपारी द्वारकेला परतल्यावर चिरंजीवांना त्यांच्या पोत्यावर निजवून बाबा अहवाल लिहायला बसले. 'तलाव : कोरडा. धबधबा : दोन मिनिटे. पाणी : घेतले नाही.' शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं.

"उद्या डॉक्टरांना फोन, असं लिहा ना," मी म्हटलं.

"फोन करून काय विचारू?"

मी चिरंजीवांच्या अंगावरची शाल सारखी केली.

बाबांनी रकान्यात एक आडवी रेघ ओढली आणि फायलीची दोरी बांधली. मग उठून वाडग्यातलं सकाळचं पाणी तुळशीला घातलं, वाडगा विसळला, ताज्या पाण्याने काठोकाठ भरला आणि पोत्याशेजारी होता तिथेच पुन्हा ठेवला.