गुडघ्यावरचा हात

नल्लकुंट्यात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर पुण्याची एक मुलगी भाड्याने राहते. ती व्हिडिओ गेममधली माणसं बनवते, एवढंच मला ठाऊक होतं. गेल्या वर्षी एका रविवारी ती खाली आली, चहा घेतला आणि रिकामा कप हातात फिरवत बसून राहिली.

"काकू, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"हौ, विचार की."

"तुमचं चालणं मला शूट करायचंय."

मला लहानपणी पोलिओ झाला. उजव्या पायात जोर नाही, म्हणून प्रत्येक पावलाला उजवा हात गुडघ्याच्या जरा वर मांडीवर दाबून धरते. लोक बघतात आणि चटकन नजर वळवतात. नीट बघू द्या, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. राग यायच्या आधी मला कुतूहलच वाटलं.

गेम एका जुन्या बाजारात घडणारा होता. खेळणाऱ्याला गल्ल्यांतून वाट दाखवणारी बाई पोलिओ झालेली असावी, असं तिच्या ऑफिसातल्यांनी ठरवलं होतं. "पण माझी बाई पाय मुरगळल्यासारखी चालते," ती म्हणाली.

गच्चीवर तिने मला समोरून, बाजूने, मागून टिपलं आणि लगेच दाखवलं. साठीला आले, पण स्वतःला पाठमोरी चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. उजवा पाय उचलायच्या आधी माझा डावा खांदा खाली जातो.

"हे मला माहीतच नव्हतं," मी म्हटलं.

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करता."

मी तिला ते पुन्हापुन्हा लावायला लावलं.

काही आठवड्यांनी लॅपटॉपवर ती बाई चालू लागली. सावळी, पदर खोचलेला, आणि खांदा अगदी माझा. पण तिच्या दोन्ही हातांत टोपली होती.

"मग गुडघा कोण धरणार?" मी विचारलं.

ती स्क्रीनकडे बघत राहिली आणि हसत सुटली. सुलतान बाजारला जाताना मी डाव्या खांद्याला पिशवी अडकवते, ती तिला दाखवली. मग माझेच प्रश्न सुरू झाले. हिचं घर कुठे? जिना कसा चढते? घाई असली तर?

"तुम्ही कधी पळलात?" तिने विचारलं.

"शाळेत. हात सोडून, लंगडी घालत."

ऑफिसात काहीजण म्हणाले, काठी द्या, हाताचं लोकांना कळणार नाही. "नाही कळलं तर विचारतील," असं तिने सांगितलं. काठी टळली. लंगडीला मात्र वेळ उरला नाही, त्यामुळे गेममध्ये बाई पळत नाही. ते मला अजून थोडं खटकतं.

गेम आल्यावर तिने खेळायचं यंत्र माझ्या हातात दिलं. मी बाईला आधी भिंतीवर नेऊन आदळलं, मग एका कापडदुकानापर्यंत कसंबसं आणलं. बटण सोडल्यावर ती ओट्याला कंबर टेकून उभी राहिली.

"हे कुठून आणलंस? गच्चीवर तर मी असं केलं नव्हतं."

"भाजीच्या गाडीपाशी तुम्ही अशाच उभ्या राहता. वरून दिसतं."

पुढच्या गल्लीत काय आहे ते बघायचं होतं. मी बटण दाबलं.