तूजाऊनये

“सरक गं बाई, सरक!” कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या दोन शब्दांमध्ये नख खुपसून मावशी म्हणायच्या आणि मग कळ दाबायच्या. रिक्षात तिसऱ्या बाईला जागा करून द्यावी, तसे शब्द सुटे व्हायचे.

पनवेलच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात त्या मजकूर तपासायच्या. आधी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेले. जाऊन दीड वर्ष झालं त्यांना, अजून करमत नाही. जुने कागद स्कॅन केले की आमचं सॉफ्टवेअर शब्द चिकटवतं, आणि कुठे तोडायचे ते तेच सुचवतं. मी आपला डोळे मिटून ‘ओके’ करणारा. मावशी भडकायच्या. “त्याला काय कलतंय रं? त्याला आय हाय का बाप हाय?”

एकदा उलव्याची एक मुलगी वडिलांची वही घेऊन आली. मस्कतला नर्स. वडिलांची वाचा गेली होती, ते वहीत लिहून बोलायचे. भावंडांसाठी तिला ती टाइप करून हवी होती. शेवटच्या पानावर थरथरत्या अक्षरात होतं, ‘तूजाऊनये’. सॉफ्टवेअरनं तोडलं, ‘तू जाऊ नये’. मी ओके केलं.

“तेच आहे ते,” ती म्हणाली. “मी मस्कतला पोचले आणि दुसऱ्याच दिवशी बाबा गेले. नंतर दादाला हे पान सापडलं. मी गेलेलं त्यांना नकोच होतं.”

मावशींनी वही ओढली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. दुकानात चार गिऱ्हाइकं ताटकळलेली, आणि बाई वही वाचताहेत! मी जाम वैतागलो. अर्ध्या तासानं त्यांनी मान वर केली.

“पोरी, ‘नये’ पाटीवर लिवतात. इथं थुंकू नये. बाप लेकीला ‘नको’ बोलतो. हे बग, सगल्या वहीत ‘नको’च हाय. रडू नको. मीठ टाकू नको.” मग नख ‘न’च्या पुढे टेकवलं. “जाऊन ये, बोललाय तो.”

मला माझ्या ओकेची फार लाज वाटली.

मुलगी त्या ओळीकडे बघतच राहिली. “सहा वर्षं मी बाबांच्या फोटोसमोर उभी राहिले नाही हो, मावशी.”

“मंग आज उबी ऱ्हा.”

तिनं तिथूनच भावाला फोन लावला. म्हणाली, “दादा, बाबा मला ‘ये’ म्हणाले होते रे.”