पटेलांच्या ओट्यापुढून

"चप्पल हातात घे. पटेल बसले आहेत."

सासू हे म्हणाली तेव्हा मी पोटुशी होते, दिवस भरत आलेले. बालाघाट जिल्ह्यातलं, लालबर्ऱ्याकडचं आमचं गाव, वैशाखाचं ऊन. वाकता येईना. सासूनेच माझी चप्पल उचलून हातात दिली. मी ती पदराखाली लपवली. मातीचा रस्ता तापलेला. पाय उचलून उचलून चालले, तशी ओट्यावरून पटेलीणबाई म्हणाली, "पहा व, कोंबडी नाचून राह्यली!"

ओटा हसला. आणि मी? मीही हसले. वाटलं, बाईनं आपल्याकडे पाहिलं तरी. अशी मी शहाणी!

पटेल म्हणजे गावचे मालक; आमच्या मोहल्ल्यातल्यांनी त्यांच्या ओट्यापुढून अनवाणी जायचं. विहीर ओलांडली की चप्पल पुन्हा पायात. मी त्यात इतकी तरबेज झाले की चालता चालता, न थांबता, चप्पल पायातून हातात. पटेल वारले. ओटा रिकामा. तरी काढायची. एकदा वारासिवनीला चप्पल घ्यायला गेले, तर चपलांच्या दुकानातही चप्पल बाहेर काढून शिरले. दुकानदार म्हणाला, "बाई, ये दुकान है, मंदिर नहीं."

त्याला काय सांगू? गावच्या मंदिरात आम्हाला चप्पल काढूनही कोणी घेत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात नातसुनेला दिवस गेलेले. शीतल मलाजखंडची, तिथल्या खाण कंपनीच्या वसाहतीत वाढलेली. असली रीत तिला ठाऊक नाही, आणि सांगायची मला लाज. तपासणीसाठी बालाघाटची बस पकडायला आम्ही दोघी निघालो. ओटा आला आणि माझी चप्पल आपोआप हातात आली. शीतल सरळ चालत राहिली.

धाकट्या पटेलांनी मोबाइलवरून मान वर केली.

"काय व बुढे, सुनेले रीत नाही शिकवली का?"

"पोटुशी आहे ना, मालक."

"तू नव्हती का पोटुशी? तू तं काढत होती!"

म्हणजे माझंच अनवाणी चालणं त्यांनी शीतलच्या पायावर आणून ठेवलं.

मी खाली बसले. तिच्या सँडलच्या पट्टीला हात घातला. काढायलाच बसले होते, खोटं कशाला बोलू? पाय सुजून टम्म. पट्टीचा वळ उठलेला.

"आजी, काहून?" ती म्हणाली.

जन्मभर पाय भाजले. पण त्या पोरीला सांगावं असं एक कारण सापडेना. पट्टी सैल केली, नीट बसवली, पुन्हा लावली. उठले. माझी चप्पल खाली टाकली आणि पाय घातले.

"हौ, काढत होती," मी म्हटलं. "येडी होती मी. आता नाही काढत."

मालक म्हटलं नाही.

संध्याकाळी निरोप आला. माफी मागा, नाहीतर धानाच्या रोवण्याला तुमच्या घरचं कोणी नको. मुलगा घाबरला. "माय, एक डाव मागून घे. काय जाते तुयं?"

काय जाते! एवढा मोठा झाला, त्यालाही दिसलं नाही. मागितली नाही माफी. रोवण्याला बोलावणं आलं नाही. दुसऱ्या गावच्या शेतांत आम्ही गुडघाभर चिखलात उभ्या राहिलो, अनवाणीच. चिखलात कोण चप्पल घालतं? विहारातही मी चप्पल बाहेर काढते, बुद्धापुढे. कोणी काढ म्हणत नाही. मला वाटतं म्हणून काढते. एवढा फरक कळायला केस पिकावे लागले.

आता त्या रस्त्याने रोज जाते. काम नसलं तरी जाते. ओट्यावर माणसं जास्त असली की मुद्दाम जाते, चप्पल फटक फटक वाजवत. धाकटे पटेल अजून गप्प आहेत. बोलले, तर ठाण्यात जाईन. आणि कोणी जबरीने काढायला लावली, तर चप्पल माझ्या हातात येईल खरी. मग ती कुठे पडेल, ते त्याने आधी विचारून घ्यावं.