गेटवर राहिलेली डबी

आमचे हे कारखान्याच्या आत पडले. घरी नाही, छपरावरून नाही, कारखान्याच्या आत. हे वाक्य मी त्या वर्षी इतक्यांदा बोलले, की शेजारणी मला बघून वाट बदलायच्या. बदलेनात का!

लढाईचे दिवस होते. जबलपूरच्या कारखान्यांत रात्रंदिवस पाळ्या चालायच्या. आम्ही फुहाऱ्याच्या बाजारातून काळा कागद आणून खिडक्यांना चिकटवला होता. खमरियाकडे दारूगोळ्याच्या कारखान्यात एका नव्या शेडचं बांधकाम घाईघाईनं चाललं होतं, ते एका ठेकेदाराकडे होतं. हे त्याच्याकडे सुतार. स्लॅब ओतायच्या आधी खाली फळ्यांचा साचा ठोकतात, ते सेंटरिंगचं काम यांचं. एका दुपारी उभं राहायची फळी सरकली आणि हे दोन पुरुष उंचीवरून खाली आले. मांडीचं हाड मोडलं. फळी बांधलेलीच नव्हती. दोर संपला होता, आणि ठेकेदाराचा मुनशी म्हणाला होता, "चलो चलो, कल बाँध लेना."

मग त्या लोकांनी काय करावं? यांना विटांच्या रिकाम्या ट्रकमध्ये घातलं, मालाच्या फाटकातून बाहेर काढलं, सरकारी दवाखान्यात टाकलं आणि सांगितलं, हा माणूस घरी कौलं फेरताना पडला. मी पोचले तोवर दवाखान्याच्या कागदावर तेच चढलेलं. अहो, आमच्या खोलीवर कौलं नव्हतीच, पत्रा होता!

दुसऱ्या दिवशी मुनशी आला. एका हातात संत्री, दुसऱ्या हातात कागद. आम्हा नागपूरकडच्यांना हा संत्री देणार! कागदावर लिहिलेलं, की त्या दिवशी मी कामावर नव्हतो, घरी पडलो, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. खाली सहीची जागा मोकळी. "भाभीजी, देश में जंग चल रही है," तो मला म्हणाला. "ऐसे वक्त झगड़ा अच्छा लगता है क्या?"

यांनी पेन हातात घेतलंसुद्धा.

"अवो, काय करून राहिलात?" मी म्हटलं.

"जाऊ दे ना. तिकडे पोरं मरून राहिली, अन् मी एका पायासाठी काहून भांडू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "तिकडच्या पोराला गोळी लागली तर त्याला कोणी म्हणतं का, की तू घरी पडलास म्हणून लिहून दे?" पेन काढून घेतलं. संत्री मुनशीच्या हातात परत कोंबली. कागद मात्र दिला नाही, पोलक्यात खोचला. तो मागत राहिला, मी बघत राहिले.

आमच्या शेजारी कारखान्यातले एक मराठी बाबू राहायचे. त्यांना कागद दाखवला. ते म्हणाले, "वहिनी, कामावर लागलं तर भरपाई द्यावीच लागते. कायदा आहे, मेहरबानी नाही. पण हे कामावर होते याचा पुरावा पाहिजे." आता पुरावा आणायचा कुठून? हजेरीची वही मुनशीकडे, त्यात त्या दिवशी यांची गैरहजेरी मांडून ठेवलेली. बरोबरच्या कारागिरांच्या दारोदार फिरले. "भाभी, हमारे भी बच्चे हैं." मी त्यांना बोल लावला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. लावला, भरपूर लावला.

चौथ्या दिवशी यांना बिडीची तल्लफ आली. "माझी डबी आण ना," म्हणाले.

"कुठाय?"

"कुठं असणार, गेटवर."

दारूगोळ्याचा कारखाना, तिथं काडी पेटली तर सगळंच संपलं. म्हणून आत जाणाऱ्यानं बिडी-काडी गेटवर जमा करायची, दरबान नंबराच्या खणात ठेवतो, सुटल्यावर त्या नंबराचा पितळी बिल्ला दाखवून परत घ्यायची. बिल्ला यांच्या रक्ताळलेल्या सदऱ्याच्या खिशात तसाच होता. तो घेऊन गेले. दरबानानं खणातून यांची पत्र्याची डबी काढली आणि कुरकुरला, "चार दिन से पड़ी है. जमा तो की, लेने कोई आया ही नहीं."

मी हात पुढे केला, आणि तो तसाच थांबला. जमा केली. नेली नाही. म्हणजे माणूस आत गेला आणि या दारानं बाहेर आलाच नाही!

"भैया, किताब में लिखा है?"

"लिखा है. तारीख, नंबर, सब."

"मग नका देऊ!" मी मराठीतच ओरडले. "मत दीजिए. किसी को मत दीजिए. मैं माँगूँ तो मुझे भी मत दीजिए." त्या बिचाऱ्याला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. यांच्यासाठी मी वाटेत नवं बंडल घेतलं.

बाबूंनी अर्ज लिहिला. नावाच्या रकान्याशी आले तेव्हा मी रेशनकार्डावर बोट ठेवलं. यांचं नाव मी घेत नसे. सासूबाईंची सक्त ताकीद होती, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. रेशनच्या दुकानातसुद्धा शेजारणीला पुढे करायची. मी कितीही तोंडाळ असले तरी त्या बाबतीत मुकी.

तीन-चार महिन्यांनी मजुरांच्या भरपाईचे साहेब होते त्यांच्यासमोर तारीख लागली. हे अजून खाटेवर, म्हणून मी गेले. समोर ठेकेदार, त्याचा वकील, मुनशी. साहेबांनी कारखान्याला पत्र पाठवून दरबानाला वही आणि डबी घेऊन बोलावलं होतं. वकील म्हणाला, वहीत नुसता नंबर आहे, नाव नाही. बिल्ला त्या दिवशी दुसऱ्या कोणाला दिला असेल. डबी कोणाचीही असेल.

"ये डिबिया किसकी है?" साहेबांनी मला विचारलं.

"यांची."

"यांची मतलब? नाम बताइए. बिना नाम के मैं क्या लिखूँ?"

मुनशी हसला. "हुज़ूर, ये लोग पति का नाम नहीं लेतीं. रिवाज है इनका."

"तो लिख लीजिए," वकील म्हणाला, "गवाह बता नहीं सकी."

कारकुनानं टाक उचलला. त्या चार शब्दांनी हे घरच्या कौलांवरून पडलेले ठरणार होते, कायमचे. सासूबाई डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. मनात म्हटलं, माफ करा, पण तुमच्या लेकाचं आयुष्य आत्ता या टेबलावर आहे.

आणि मी नाव घेतलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, एका दमात. मुनशीचं हसू तिथंच विरलं. मी थांबले नाही. "डबी उघडू नका साहेब, आधी ऐका. आत बिड्या आहेत, काडेपेटी आहे, लाल पेन्सिलीचा तुकडा आहे. अन् तळाशी पुडीत आमच्या लेकीचा पहिला पडलेला दात आहे. उंदराच्या बिळात टाका म्हणून मी चार वेळा भांडले, यांनी टाकला नाही."

साहेबांनी डबी उघडली. पुडी सोडली. तो एवढासा दात टेबलावर ठेवला आणि कारकुनाला म्हणाले, "लिखो. दुर्घटना काम पर हुई."

भरपाई मिळाली, पाय पुन्हा नीट बसवून घेता आला. हे थोडे लंगडत, पण स्वतःच्या पायांवर, पुढे बत्तीस वर्षं जगले. सासूबाईंचा हिशेब चुकला म्हणायचा.

पण त्या दिवशी घरी येऊन सांगितलं, तेव्हा यांचा चेहरा उतरला होता. "नाव घेतलंस? सगळ्यांसमोर?"

"तुमच्या वडिलांच्या नावासकट."

भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला वाटलं, रागावले. मग पाठमोरेच हळूच म्हणाले, "जोरात घेतलंस ना?"